राजीनामा

अध्यक्षपद मीं मागितलें नव्हतें. आमच्या पेठेंतल्या लहानशा वाचनालयाचे जुने अध्यक्ष वारले, त्यानंतरच्या सभेस आलेल्या नऊ माणसांत माझेच केस सर्वांत पांढरे होते, आणि शाळामास्तरकींतून मी नुकताच मोकळा झालों होतों. एवढ्या भांडवलावर मी त्या खुर्चीवर जाऊन बसलों, तो पुढें अकरा वर्षें बसूनच राहिलों.

गेल्या वर्षींच्या वैशाखांतली गोष्ट. सोलापूरच्या वैशाखांत सकाळीं आठालाच ऊन भिंतींतून आंत शिरतें. रविवार होता. मी गॅलरींत वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों, तों कोपऱ्यावरून चाळीसेक माणसें रांगेनें येतांना दिसलीं. घोषणा नव्हती, ढोल नव्हता. तीं माझ्याच दाराशीं थांबलीं. पुढच्या मुलाच्या हातांतील फलकावर लिहिलें होतें, 'अध्यक्षांनीं राजीनामा द्यावा.' 'जी' बरोबर दीर्घ काढलेला होता. अक्षरावरूनच ओळखलें कीं, हा माझाच विद्यार्थी.

अपराध माझा होता, हें कबूल करावयास आतां हरकत नाहीं. मागल्या चार वर्षांत वार्षिक सभा मीं भरविलीच नव्हती. सभेंत भांडणें होतात, जुनीं माणसें एकमेकांस टाकून बोलतात, त्यापेक्षां नको ती सभा, असें मी स्वतःला समजावीत असें. शिवाय विजेचा खर्च वांचावा म्हणून वाचनकक्ष संध्याकाळीं सातला बंद करण्याचा हुकूम मींच काढला होता. दिवसभर यंत्रमागावर किंवा दुकानांत राबून मग परीक्षेच्या अभ्यासास येणाऱ्या मुलांनीं सातनंतर कोठें बसावें, हा प्रश्न मला सुचलाच नाहीं. कारण सातला मी जेवावयास बसतों.

पण त्या क्षणीं हें कांहीं आठवलें नाहीं. अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या वकिलांनीं गॅलरींतूनच विचारलें, "पोलिसांना कळवूं का?" मी 'हो' म्हणणारच होतों. तेवढ्यांत आजोबांची टोपी आठवली.

ती टोपी आमच्या घरांत अजून आहे. १९३० सालीं आजोबा बावीस वर्षांचे होते. त्या वर्षीं ६ एप्रिलला, माणिकचंद शहा नगराध्यक्ष असतांना, सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. पुढें मे महिन्यांत गांधीजींना अटक झाली आणि सारें गांव रस्त्यावर आलें. ८ तारखेस गोळीबार झाला. मल्लप्पा धनशेट्टी त्या दिवशीं खवळलेल्या जमावाला शांत करीत होते, असें जुनीं माणसें सांगत. पण गोळी सुटल्यावर कोण कुणाचें ऐकतो! चौक्या पेटल्या, पोलीसहि मेले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा होता. डोक्यावरची गांधी टोपी काढावयास लावीत, म्हणून आजोबांनीं आपली टोपी घडी करून देवघरांत ताम्हनाखालीं ठेवली. बाहेर काढली तेव्हां तिच्यावर कुंकवाचे डाग पडलेले होते. धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. आजोबा ही हकीकत सांगतांना टोपीपाशीं आले कीं थांबत. आपण ती लपविली, ह्याची खंत त्यांस शेवटपर्यंत होती.

अशा घरांतून, चाळीस मुक्या माणसांसाठीं मी पोलीस बोलावणार होतों! वकिलांना मीं हातानेंच 'नको' म्हटलें.

दुसरी आठवण त्याहून बोंचरी. वडील तरुणपणीं प्रतापगडच्या मोर्चाला गेले होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं गडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण पंडित नेहरूंच्या हस्तें व्हावयाचें होतें, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनें काळीं निशाणें दाखविण्याचें ठरविलें होतें. वडील पसरणीच्या घाटांत उभे होते. गोळीबारांनीं शंभरावर माणसें मेलेलीं, मनें धुमसत असलेलीं. तरी पंतप्रधानांची मोटार गेली आणि आपल्या आसपास कुणीं खडासुद्धां उचलला नाहीं, हें ते मोठ्या अभिमानानें सांगत. "निशाण हालवायचें, हात नाहीं," असें त्यांचें वाक्य होतें. त्याआधीं १९५६ मध्यें ह्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनीं अर्थमंत्रिपद सोडलें होतें. त्यांच्या दाराशीं कुणी फलक घेऊन आलें नव्हतें.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही कीं, ह्याच वाचनकक्षांत मीं एक व्याख्यान दिलें होतें. २०१६ च्या हिवाळ्यांत दक्षिण कोरियांतील सोल नगरींत दर शनिवारीं लाखों लोक मेणबत्त्या घेऊन, मुलाबाळांसह, आपल्या अध्यक्षा पार्क ग्युन-हे यांचा राजीनामा मागत शांतपणें उभे राहत. त्यांनीं तो दिला नाहीं; शेवटीं १० मार्च २०१७ रोजीं तेथील घटना-न्यायालयानें त्यांस पदावरून दूर केलें. त्या लोकांच्या शिस्तीवर मी तासभर बोललों. खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांविषयीं चार विनोदहि केले. टाळ्या पडल्या. त्या दिवशीं आभार मानणारा मुलगाच आज फलक घेऊन खालीं उभा होता. श्रोत्यांनीं आपलें म्हणणें इतकें मनावर घ्यावें, अशी वक्त्याची सहसा अपेक्षा नसते.

मी जिना उतरलों. आमच्या सूनबाई माझ्याआधींच माठांतलें पाणी घेऊन खालीं गेल्या होत्या. सर्वांचें पाणी झालें, तांब्या पायरीवर ठेवला, आणि त्या रांगेच्या टोंकाला जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलें, उन्हानें मला भ्रम झाला असावा.

"हें काय?" मीं विचारलें.

"मामंजी, मीहि सभासद आहें," त्या खालीं पाहून म्हणाल्या. "चार वर्षें सभेची नोटीस आली नाहीं."

घरांतच रोज पानावर वाढणारें माणूस हें मला एकदांहि बोललें नव्हतें. कां बोललें नव्हतें, हा विचार रात्रीं आला आणि झोंप उडवून गेला. दारांत मात्र मी एवढेंच म्हणालों कीं, उद्यां उत्तर देतों. मुलांनीं नमस्कार केला आणि आलीं तशीं रांगेनें निघून गेलीं.

त्या रात्रीं राजीनाम्याचा पहिला खर्डा दोन पानें झाला. त्यांत माझी अकरा वर्षांची सेवा होती, प्रकृतीचें कारण होतें, आणि 'कांहीं व्यक्तींच्या गैरसमजामुळें' असा एक शब्दप्रयोगहि होता. तो फाडला. दुसरा पाऊण पान झाला, तोहि फाडला. तिसरा तीन ओळींचा. सकाळीं तो सूनबाईंच्या हातीं दिला, कारण त्या त्याच वाटेनें कामावर जातात. त्यांनीं वाचला आणि म्हणाल्या, "तारीख राहिली." मीं तारीख घातली.

महिन्याभरांत सभा झाली. तींत भांडणेंहि झालीं. वाचनकक्ष आतां रात्रीं दहापर्यंत उघडा असतो. मी तेथें रोज जातों; पण खिडकीजवळची खुर्ची मुलें आधींच धरतात, म्हणून सहालाच जाऊन बसावें लागतें. सातचें जेवण त्यामुळें नवावर गेलें आहे.