पाण्याची बारी

गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ‘क्षमा’ या विषयावर बोललो होतो. काहींना आठवत असेल. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने त्याला कधी मोजूनच होणार नाही असा आकडा सांगितला. ही गोष्ट मी अशा काही आवेशात रंगवली, की सभागृहात टाळ्या पडल्या आणि मला दुसरे बक्षीस मिळाले. चौथ्या रांगेतला एक मुलगा मात्र टाळी न वाजवता बसून होता. तो माझा चुलतभाऊ. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. एकाच गावाहून एकाच एसटीने आम्ही कॉलेजात येतो; तो पुढच्या बाकावर बसतो, मी मागच्या. त्या दिवशी आमच्यातला अबोला सुरू होऊन वर्ष झाले होते.

त्या अबोल्याची हकिकत मी आजवर कॉलेजात कुणाला सांगितलेली नाही. आज लिहितो आहे, कारण ती न सांगता श्रद्धेबद्दल काही लिहिणे म्हणजे पुन्हा एक भाषण करणे होईल.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले. पुढे खेडोपाडी जी लहानलहान मंदिरे उभी राहिली, त्यांतलेच एक आमच्या गावचे. आजोबांनी खोदलेली एक विहीर आहे. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन दोन भावांत वाटली गेली, पण विहीर कशी वाटणार? म्हणून पाण्याची बारी ठरली: चार दिवस थोरल्या काकांचे, चार दिवस आमचे. कितीतरी वर्षे ही बारी कागदावाचून चालली.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. मार्चमध्येच विहीर तळाला लागली. काकांच्या बारीत डीपी जळाली आणि त्यांचे तीन दिवस विजेवाचून गेले. त्यांचा उन्हाळ कांदा ऐन पोसण्यात होता. काका घरी आले, ओट्यावर उभे राहूनच म्हणाले, “तुझ्यातले दोन दिवस दे. पुढं फेडीन.” वडील म्हणाले, “दादा, बारी म्हणजे बारी. माझाही कांदाच आहे.” काका न बसता निघून गेले.

दुसऱ्या रात्री मला मोटारीचा आवाज आला. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. मी बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. चुलतभावाने आमच्या बारीत मोटार सुरू करून ठिबक चालू केले होते आणि तो घरी जाऊन झोपला होता. मी त्याला हाक मारू शकलो असतो, वडिलांना उठवू शकलो असतो. मी त्यांतले काहीच केले नाही. विहिरीजवळचा पाइपाचा जोड सोडला आणि घरी येऊन अंथरुणावर पडलो. पाणी रात्रभर ओढ्यात गेले. सकाळी विहिरीत पाणी नव्हते. ना त्यांना, ना आम्हांला. काकांचा निम्मा कांदा वाळला.

जोड कुणी सोडला, यावरून दोन्ही घरांत जे रणकंदन झाले ते गावाने ऐकले. काकांनी वडिलांवर आळ घेतला. वडिलांनी घरातून बायबल आणले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माझ्या घरातल्या कुणी हे केलेलं नाही.” मी त्यांच्या मागे दारात उभा होतो. वडील त्यांना माहीत होते ते खरेच बोलत होते. खोटे बोलत होतो तो मी, तोंड न उघडता.

त्यानंतर मंदिरात वडील उजव्या भिंतीशी बसू लागले आणि काका डाव्या. उपासना चुकवली मात्र कुणीच नाही. टिळकांची भजने दोघेही खड्या आवाजात म्हणत.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी असतो. येशूने मरणापूर्वी शिष्यांबरोबर जे शेवटचे भोजन घेतले त्याच्या आठवणीसाठी पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा लहानसा पेला सर्वांना देतात. माझे भाषण झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात तबक आजीपुढे आले तेव्हा तिने हात जोडले आणि ते तसेच शेजारणीकडे दिले. सत्तरी उलटलेल्या आजीने प्रभुभोजन नाकारलेले कुणी कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. “आजी, मनात काही किल्मिष आहे का?” त्यांनी हळूच विचारले. आजी म्हणाली, “माझी दोन्ही पोरं तिथं बसली व्हती, साहेब. त्यांनी घेतलं. म्हनून मी न्हाई घेतलं.”

दुसऱ्या महिन्यातही तिने घेतले नाही. तिसऱ्यातही नाही. मी मात्र दर वेळी घेत होतो.

त्याच सुमारास मी लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. पुढे विचार करता करता जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना उमगले आणि त्यांनी इतरांच्या हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा नंतरचा, आधी पाणी. ते वाचताना मला ओढ्याला गेलेले पाणी आठवले. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, आणि मी भावाचे पाणी तोडले होते.

मग मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा काढला. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असा त्या उपदेशाचा आशय आहे. लहानपणापासून ऐकलेला. पण त्यात एक बारकावा आहे, जो माझ्या तोवर ध्यानातच आला नव्हता. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे जायचे आहे ते क्षमा करायला नव्हे, मागायला. माझ्या बक्षीसपात्र भाषणात या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेखही नव्हता. क्षमा करणाऱ्याला उंचावर उभे राहता येते. मागणाऱ्याला ओट्याखाली उभे राहावे लागते.

त्या रात्री मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “मी पुस्तकावर हात ठेवला होता रे.” त्यांनी मारले असते तर मला बरे वाटले असते.

सकाळी आम्ही दोघे काकांकडे गेलो. मी सांगितले, जसे घडले तसे. काका ऐकत राहिले. “कांदा गेला तो गेला,” ते म्हणाले. आम्हांला बसा म्हणाले नाहीत. वडील म्हणाले, “दादा, येत्या उन्हाळ्यात आमच्या बारीतले दोन दिवस तुमचे.” काकांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. काकूंनी मात्र आतून तांब्याभांडे आणून पुढे ठेवले. आम्ही पाणी प्यालो आणि परतलो. चुलतभाऊ दारापर्यंत आला आणि म्हणाला, “भाषण झकास झालं होतं तुझं.” त्याला उत्तर नव्हते. मी दिले नाही.

सिनेमात असते तसे पुढे काही झाले नाही. दोघे भाऊ अजून मोजकेच बोलतात. पण या उन्हाळ्यात काकांनी ते दोन दिवस घेतले, आणि मोटार बंद केल्यावर वडिलांना तसे सांगायला स्वतः आले. त्याच्या पुढच्या रविवारी आजीने तबकातला पेला उचलला. त्या वेळी मी खाली पाहत होतो. आईने मला मागाहून सांगितले.

चुलतभाऊ एसटीत अजून पुढेच बसतो. परवा मला जागा नव्हती, मी दांडीला धरून उभा होतो. त्याने मान न वळवता हात मागे केला, माझी पुस्तकांची पिशवी ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

‘ख्रिस्ती म्हणजे क्षमा करणारे लोक ना?’ असे मित्र मला कधी थट्टेने, कधी खरेच विचारतात. पूर्वी मी चटकन हो म्हणत असे. आता थोडा थांबतो. आमच्या घरापासून काकांचे घर एका भिंतीच्या अंतरावर आहे, आणि तिथे पोहोचायला मला दीड वर्ष लागले.