काळा चष्मा

एखाद्या वस्तूचें नशीब केव्हां पालटेल, हें सांगतां येत नाहीं. काळ्या चष्म्याचेंच पाहा. आमच्या लहानपणीं बारामती-इंदापूरच्या टापूंत असा चष्मा चढवून कोणी समोर आला, कीं ‘डोळे आले काय?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘मोतीबिंदू काढला वाटतें?’ हा दुसरा. तिसरी शक्यता अंधत्वाची. ती कोणी बोलून दाखवीत नसे. आज तोच चष्मा वरातींत नवरदेवाच्या डोळ्यांवर असतो, आणि त्याच्या प्रकृतीची चौकशी कोणीहि करीत नाहीं.

या पालटाचें मूळ दूरचें आहे. अमेरिकेंत अटलांटिक सिटीच्या समुद्रकांठीं सॅम फॉस्टर यानें १९२९ सालीं सेल्युलॉइडचे स्वस्त काळे चष्मे विकावयास आरंभ केला. १९३६ च्या सुमारास एडविन लँडनें शोधलेला, चकाकी अडविणारा पोलरॉइड पडदा या चष्म्यांत आला. १९३७ सालीं वैमानिकांच्या गरजेंतून निघालेले ‘रे-बॅन’ चष्मे बाजारांत आले. पुढें सिनेमानटांनीं तो उचलला. आमच्याकडे तो बहुधा पडद्यावरूनच उतरला, आणि येतांना ‘गॉगल’ हें नांव घेऊन आला. इंग्रजींत या शब्दाचा एक अर्थ ‘डोळे विस्फारून टक लावणें’ असा आहे. डोळे झांकणाऱ्या वस्तूस हें नांव मिळावें, हा भाषेचा विनोदच!

उन्हाचें निमित्त म्हणावें, तर ऊन येथें मूळचेंच. १८८५ सालीं नीरा डावा कालवा आला, उसाचे मळे हिरवे झाले; वैशाखाचें ऊन मात्र निवलें नाहीं. तरीहि ऊंसतोडणीच्या फडांत काळा चष्मा क्वचित् दिसतो. तो दिसतो मोटारसायकलवाल्यांच्या, किंवा भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहावयास आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांवर. शिवाय गडद कांचेमागें बाहुली विस्तारते. कांचेंत अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल, तर डोळ्याचें रक्षण दूरच राहिलें.

आम्ही व्यवसायानें मास्तर. समोरच्याच्या डोळ्यांत उमज दिसली, कीं पुढचें वाक्य बोलावयाचें, ही आमची संवय. झांकलेल्या डोळ्यांशीं बोलतांना आम्ही चांचपडतों. इतकें असूनहि या फॅशनला आम्ही नांवें ठेवीत नाहीं.

तीस वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींचा मोतीबिंदू काढला. दृष्टि परत आली; पण त्या महिनाभर ओसरीवर आल्या नाहींत. हळदीकुंकवाचीं बोलावणीं आलीं, तींहि त्यांनीं परतविलीं. ‘आंधळी झाली म्हणतील,’ एवढेंच त्या म्हणत. सारें जग पुन्हां दिसूं लागलें असतां त्यांनीं तें दाराआडूनच पाहिलें.

परवां इंदापूरच्या एस. टी. स्थानकावर शस्त्रक्रिया करून परतणारे एक वृद्ध शेतकरी दिसले. नातू त्यांना म्हणाला, “आबा, हिरो दिसताय!” आबांनीं टोपी सारखी केली आणि चारचौघांत ताठ मानेनें बसून राहिले. वैद्यांनीं दृष्टि दिली होती. चारचौघांत बसण्याची मोकळीक या उनाड फॅशननें दिली. तरुणांनीं निव्वळ हौसेनें हा चष्मा घातला, म्हणून म्हाताऱ्यांच्या चष्म्यावरचा डाग पुसला गेला. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं तो रस्त्यावर खुशाल मिरवावा. वर्गांत मात्र डोळे दिसूं द्यावेत.