नव्या मॉडेलचा जमाखर्च

खिशात मावणारी संगीतयंत्रे आणि हातात धरून वाचण्या-पाहण्याचे टॅब्लेट या दोन्ही उपकरणांची नवी आवृत्ती बाजारात आली की जुन्या आवृत्तीच्या मालकाचे चित्त अस्वस्थ होते, आणि ती अस्वस्थता घेऊन जी मंडळी माझ्याकडे येतात त्यांना बहुधा एका शब्दाचे उत्तर हवे असते : घ्यावे किंवा घेऊ नये. विद्युत्-उपकरणांच्या मोजमापात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला असे उत्तर देणे अशक्य नसते. परंतु ते देण्यापूर्वी जी चौकशी करावी लागते ती मला उत्तराहून अधिक मोलाची वाटते, कारण नव्या मॉडेलच्या जाहीरनाम्यात जी जमा ठळक अक्षरांत दाखविलेली असते तिचा खर्च त्याच यंत्रात वीज, वजन, उष्णता, जाडी किंवा किंमत यांपैकी कोणत्या तरी खात्यावर पडलेला असतो, आणि तो खर्च हुडकून त्याची रुजवात घालणे हेच, माझ्या मते, तुलना करणाराचे खरे काम होय.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला मला ॲपलच्या तिसऱ्या आयपॅडमध्ये आढळतो. हा आयपॅड ७ मार्च २०१२ रोजी जाहीर झाला. दुसऱ्या आयपॅडच्या ९.७ इंची पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ बिंदू होते. तिसऱ्यात पडद्याचे आकारमान तेच राहून बिंदू उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी दुप्पट झाले, म्हणजे त्यांची एकूण संख्या ७ लाख ८६ हजारांवरून ३१ लाख ४५ हजारांवर गेली. ही जमा निर्विवाद होती, आणि मराठी वाचकाला तर ती विशेषच जाणवावी अशी होती. कारण लहान टाइपातील देवनागरीत जोडाक्षरांचे पाय, रफार आणि अनुस्वाराचे टिंब जुन्या पडद्यावर एकमेकांत मिसळून जात, ते नव्यावर छापील पानासारखे सुटे आणि स्वच्छ दिसू लागले. छापील ग्रंथांच्या छायाप्रती ज्यांना तासन् तास वाचावयाच्या असतात त्यांना हा पडदा घ्या असे मी तेव्हा निःशंकपणे सांगत असे, आणि आजही तेच सांगेन.

आता खर्च पाहू. अशा पडद्यातील प्रत्येक बिंदूला स्वतःचे ट्रान्झिस्टर लागतात आणि ते प्रकाशाच्या वाटेतच बसलेले असतात. बिंदू लहान झाला तरी ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे पाठीमागच्या दिव्यांच्या प्रकाशाचा अधिक मोठा वाटा आतच अडतो आणि पूर्वीइतकीच उजळता राखण्यासाठी ते दिवे अधिक तेजाने चालवावे लागतात. शिवाय चौपट बिंदू रंगविण्यासाठी चित्रप्रक्रियेचे गाभे दोनांऐवजी चार करावे लागले. या दोहोंची वीज कोठून तरी आणणे भाग होते, म्हणून बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वॉट-तासांवर गेली, म्हणजे सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. आणि तरीही कंपनीने दिलेला चालण्याचा काळ पूर्वीइतकाच, दहा तासांचा, राहिला. वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅमवर आणि जाडी ८.८ मिलिमीटरवरून ९.४ मिलिमीटरवर गेली. चार्जर मात्र तोच दहा वॉटचा होता, तेव्हा एवढी मोठी बॅटरी भरण्यास लागणारा वेळ त्या मानाने वाढला. सर्वसाधारण गणनेचे दोन गाभे जसेच्या तसे होते, म्हणून पत्रे लिहिणे, हिशेब करणे अशा कामांत नव्या यंत्राच्या वेगात सांगण्याजोगी तफावत पडली नाही. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने या आयपॅडवर एक चित्रबहुल खेळ चालवून त्याचे तापमान मोजले, तेव्हा ते ११६ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सियसपर्यंत चढले. त्या उष्णतेत धोका नाही असा निर्वाळा देऊन त्याच संस्थेने पुढे यंत्राची वाखाणणीही केली, आणि ती योग्यच होती; परंतु दुसऱ्या आयपॅडहून अधिक झालेली ही ऊब त्याच चौपट बिंदूंची किंमत होती, ही बाब दप्तरी नोंदविली गेली हे फार चांगले झाले.

पुढे साडेसात महिन्यांतच चौथा आयपॅड आला. पडदा, बॅटरी आणि वजन यांत फेरफार न करता त्याने प्रोसेसर बदलला, आणि सोबतचा चार्जर बारा वॉटचा केला. त्यानंतर २०१३ च्या अखेरीस आलेल्या आयपॅड एअरमध्ये तितक्याच बिंदूंचा पडदा ३२.४ वॉट-तासांच्या बॅटरीवर आणि अवघ्या ४६९ ग्रॅम वजनात चालू लागला. म्हणजे मार्च २०१२ मध्ये अंगावर घेतलेला बोजा उतरण्यास वीस महिने लागले; आणि ज्यांना अंथरुणावर पडून, एका हाताने यंत्र तोलून वाचण्याची सवय आहे अशांनी ते वीस महिने दुसऱ्या आयपॅडवरच काढले असते तर त्यात त्यांचे फारसे नुकसान नव्हते. एकाच मॉडेलविषयी मी दोघांना दोन भिन्न सल्ले देतो याचे काहींना नवल वाटते. पण खर्चाचे खाते ज्याच्या त्याच्या अंगावर निरनिराळे पडते, त्याला इलाज नाही.

तुलनेत दुसरी अडचण जुन्या यंत्राच्या बाजूने येते. नवे यंत्र खोक्यातून निघालेले असते आणि जुने दोन वर्षे राबलेले असते, ही विषमता पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २०१२ च्या नेक्सस ७ या टॅब्लेटची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. त्यातील फ्लॅश स्मृतीवर जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण खंड पुसावा लागतो, आणि कोणत्या जागा आता निरुपयोगी झाल्या आहेत हे स्मृतीच्या नियंत्रकाला कोणी कळविले नाही, तर तो मेलेला मजकूरही इमानाने इकडून तिकडे हलवीत बसतो व लिहिण्याचा वेग मंदावतो. ते कळविण्याची तजवीज जुलै २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ ने केली, आणि नेमके त्याच सुमारास दुसरे नेक्सस ७ बाजारात आले. ज्यांनी आपल्या गच्च भरलेल्या जुन्या टॅब्लेटशेजारी नवे ठेवून पाहिले त्यांना जी तफावत दिसली तिचा काही भाग नव्या प्रोसेसरच्या पदरात घालणे न्याय्य नव्हते. तो त्या सॉफ्टवेअरचा होता आणि जुन्या मालकाला फुकट मिळणार होता. दुसऱ्या नेक्सस ७ चे श्रेय मला यामुळे कमी करावयाचे नाही. पडदा १२८० गुणिले ८०० वरून १९२० गुणिले १२०० वर नेऊनही त्याचे वजन ३४० ग्रॅमवरून २९० ग्रॅमवर उतरले होते, आणि अशी जमा दुर्मीळ असते.

बॅटरीचेही असेच आहे. आयपॉडची बॅटरी चारशे पूर्ण आवर्तनांनंतर आणि आयपॅडची एक हजार आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशी योजना असल्याचे ॲपलनेच सांगितले होते. तेव्हा रोज वापरलेल्या जुन्या आयपॉडला नव्यापुढे उभे करून ‘नवा अधिक तास चालतो’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे वयाची तुलना करणे होय, मॉडेलची नव्हे. मी अशा वेळी जुन्यात नवी बॅटरी बसवून घेतो, आणि टॅब्लेट असेल तर दोन्ही पडद्यांची उजळता प्रकाशमापकाने प्रति चौरस मीटर २०० कॅन्डेलांवर आणून मगच घड्याळ लावतो. उजळतेची सरकपट्टी दोन्हींवर अर्ध्यावर ठेवण्याची जी रूढ पद्धत आहे तिने काहीच सिद्ध होत नाही, कारण एकाचे अर्धे दुसऱ्याच्या अर्ध्याइतके क्वचितच असते.

ध्वनीच्या बाबतीत हे पथ्य अधिकच काटेकोरपणे पाळावे लागते. २००७ च्या आयपॉड क्लासिकमध्ये पूर्वीच्या वुल्फसन कंपनीच्या ध्वनिचिपऐवजी सिरस लॉजिकची चिप आली, आणि जुन्याचा स्वर अधिक भरदार की नव्याचा अधिक निर्मळ, अशी तकरार शौकिनांत वर्षानुवर्षे चालली. मनुष्याच्या कानाचा धर्म असा की, दोन सारख्या स्वरांपैकी किंचित मोठा असलेला त्याला मोठा न भासता अधिक चांगला भासतो. म्हणून इयरफोन जोडलेले असतानाच हजार हर्ट्झचा सूर वाजवून दोन्ही यंत्रांचा दाब व्होल्टमीटरवर ०.१ डेसिबलच्या, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत जुळवावा, आणि कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणारालाच नव्हे तर बदलणारालाही ठाऊक नसावे. एवढी खबरदारी घेतल्यावर, किशोरीताई आमोणकरांच्या गायनाची नितळ ध्वनिमुद्रिका लावूनसुद्धा, माझ्या अनुभवात बहुतेक कानांना या दोहोंतील भेद ओळखता आलेला नाही. परदेशस्थ आप्तांकडून यंत्रे आणविणारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपात विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या आवाजाला तेथील नियमांनी मर्यादा घातलेली असते. म्हणून लंडनहून आलेले नवे यंत्र दुबईहून आलेल्या जुन्यापेक्षा दुबळे वाटले, तर तो दोष मॉडेलच्या माथी मारू नये.

कधी कधी नवे नाव जुन्याच वस्तूला मिळते. ९ सप्टेंबर २००९ रोजी आयपॉड टचची नवी मालिका जाहीर झाली तेव्हा ३२ आणि ६४ जीबीच्या यंत्रांत नवा प्रोसेसर आणि दुप्पट कार्यस्मृती आली. ८ जीबीचे यंत्र मात्र अंतर्यामी आदल्याच वर्षीचे होते. त्या महिन्यात ते घेणाराला पुढे आयओएस ४ मिळाले खरे, पण एकाच वेळी अनेक कामे करण्याची सोय त्यातून वगळून, आणि ४.२.१ वर त्याची वाट कायमची संपली. थोडे अधिक पैसे घालणारा मात्र ५.१.१ पर्यंत गेला. गिऱ्हाइकाने एवढे बारकावे दुकानात उभे राहून कसे जाणावेत? म्हणूनच हे काम आमच्यासारख्यांनी मोकळेपणाने व वेळेवर केले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

आपल्या देशातील ‘आकाश’चे उदाहरण मला या सर्वांहून हृद्य वाटते. विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी पुढे आणलेल्या पहिल्या आकाशवर सात इंचांचा, ८०० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा होता आणि तो दाबाने चालणारा होता. दोन वाहक थर बोटाच्या जोराने एकमेकांस टेकले तरच त्याला स्पर्श कळे, आणि ३६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरपायी त्या दाबालाही उत्तर उशिरा मिळे. पुढे प्रकल्पाची सूत्रे आयआयटी मुंबईकडे आली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते आकाश २ चे प्रकाशन झाले. सात इंच तेच आणि बिंदूही तेवढेच, सरकारी खरेदीचा दरही २,२०० रुपयांच्या घरातच. पण पडदा बोटाचा विद्युत्-स्पर्श ओळखणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा आणि कार्यस्मृती २५६ वरून ५१२ एमबी. पडद्याच्या आकड्यांवर नजर ठेवणाराला ‘फरक नाही’ असे वाटावे अशा या दोन यंत्रांत, पान उलटू पाहणाऱ्या मुलाच्या बोटाला जाणवणारे अंतर तिसऱ्या आयपॅडने दुसऱ्यापासून राखलेल्या अंतराहून मोठे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिशातील संगीतयंत्रांचा काळ आता बहुतांशी सरला. आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये आणि शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये बंद झाला. नवी मॉडेले थांबल्यावर जुन्या यंत्रांची सुधारणा हौशी मालकांनीच हाती घेतली आहे, आणि तिची चौकशी माझ्याकडे अजून येते. २००६ च्या आयपॉडमधील फिरती तबकडी काढून तेथे जोडणीच्या पट्टीवर फ्लॅश कार्ड बसविले की वजन घटते, धक्क्याचे भय जाते आणि बॅटरी पुष्कळ अधिक टिकते. मात्र गाण्यांची संपूर्ण सूची हे यंत्र कार्यस्मृतीत उचलून घेते, आणि ३० जीबीच्या यंत्रात ती ३२ एमबी तर ८० जीबीच्या यंत्रात ६४ एमबी आहे. म्हणून कार्ड कितीही मोठे घातले तरी पातळ यंत्र निम्म्या संग्रहावरच अडखळू लागते. जुन्या बाजारात असा आयपॉड शोधणारांनी ११ मिलिमीटर जाडीचा सोडून १४ मिलिमीटरचा घ्यावा.