तिसरी तार

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चित्रपटव्यवसायात होता. परदेशी जाताना तो आपला डिजिटल सिने-कॅमेरा माझ्या स्वाधीन करून गेला. कॅमेरा दहा-बारा वर्षांचा. उत्पादकाने त्याचे सुटे भाग व दुरुस्ती केव्हाच थांबविलेली. मला मात्र त्याच्याकडून एकच काम करून घ्यायचे होते. आमचे वयोवृद्ध धर्मशिक्षक, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणतो, प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे कीर्तन करीत असत. पदे वहीत आहेत. चाली केवळ त्यांच्या कंठात. त्या चित्रित करून ठेवाव्यात, एवढीच माझी इच्छा.

पण आठ-नऊ मिनिटे झाली की कॅमेरा तापून बंद पडे. मास्तर गेथशेमनी बागेपर्यंत येत आणि आम्ही तेथेच थांबत असू. कंपनीला पत्र लिहिले. उत्तर अत्यंत सौजन्यपूर्ण आले: हे मॉडेल आता सेवेत नाही, नवे पाहावे. मास्तरांच्या वयाचा माणूस नव्या कॅमेऱ्यासाठी निधी जमेपर्यंत थांबेल, याची हमी कोणी द्यावी?

पंचवटीत काळाराम मंदिरामागच्या एका गल्लीत एक कारागीर अशी कामे करतो, असे कळले. होळकर पूल ओलांडताना मनात दादासाहेब फाळके होते. १८७० साली जवळच त्र्यंबकला जन्मलेल्या या माणसाने मुंबईत ख्रिस्तजीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट काढावेत, हा ध्यास घेतला. (आपल्या प्रवचनांचा असा परिणाम क्वचितच होतो!) १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला आणि नंतर बिऱ्हाड नाशिकला हलविले. तो कॅमेरा हाताने फिरवायचा. आत दातेरी चाके. हँडलचे सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. मोडला असता, तर आमच्या भांडी बाजारातील एखाद्या कुशल तांबटाला निदान काय मोडले ते डोळ्यांनी दिसले असते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा घडविला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. माझ्या हातातील पेटीत फिरणारी वस्तू एकच होती, तिचा पंखा. आणि तोच फिरत नव्हता.

कारागिराने कॅमेरा उघडला. पंचवटीच्या रिवाजाप्रमाणे तो मला 'महाराज' म्हणे. पंख्यात धूळ घट्ट बसली होती आणि चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता. त्याने लेप नवा लावला, बाजारातला पंखा बसविला. पंखा छान फिरू लागला, तरी कॅमेरा अर्ध्या मिनिटात बंद! दोन दिवस आम्ही दोघेही बुचकळ्यात. तिसऱ्या दिवशी त्याचाच निरोप आला. मूळ पंख्याला तीन तारा होत्या, नव्याला दोन. दोन तारांतून वीज जाते. तिसरी तार 'मी फिरतो आहे' एवढेच कळविते. ती ग्वाही मिळाली नाही, की कॅमेऱ्याच्या लेखी पंखा बंदच. शेवटी एका भंगार लॅपटॉपमधील तीन तारांचा, त्याच दाबाचा पंखा सापडला. तो आतील जागेत मावेना, म्हणून बाहेरून पत्र्याची चौकट करून बसविला. कॅमेरा आता विद्रूप दिसतो. एक दोष मात्र उरलाच. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका स्थिर दिसतो. तो लपविण्याचे सॉफ्टवेअर केवळ कंपनीकडे. "ते कुलूप माझ्याने उघडायचं नाही, महाराज," कारागीर म्हणाला आणि त्याने पंख्याचे पैसे घेतले नाहीत.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, हे मी त्याला सांगितले. तो नुसता हसला.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मास्तर पुन्हा उभे राहिले. एकोणपन्नास मिनिटे कॅमेरा चालला, कालवारीपर्यंत, कबरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चित्रण दाखविले. ठिपक्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. डोळे मिटून ते ऐकत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

"फादर, पेत्राच्या नाकाराचं एक कडवं राहिलं. अजून चालतो का तो?"