मातीआधी उतार वाचा

माती तपासणाऱ्याने शेतात गेल्यावर पहिल्यांदा वर पाहावं, मग खाली. पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊन थांबतं हे कळल्याशिवाय कुदळ मारू नये. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात तपासणीसाठी माती काढताना मी हा नियम कधी मोडत नाही, कारण इथे मातीचा स्वभाव पाणीच ठरवतं.

माहुली गडाच्या पायथ्यापासून माळशेज, नाणेघाटाखालच्या गावांपर्यंत खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. तरीही एकाच गावच्या एकाच उतारावर, काहीशे पावलांत, माती तीन-चार वेळा बदलते. टेपावर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, वीतभर खणलं की मुरूम लागतो. इथलं पाणी झटकन निघून जातं, मातीत हवा खेळते, लोहाचा गंज चढतो आणि रंग तांबूस होतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाणी मातीचे बारीक कण वाहून नेतं आणि विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही. ते सगळं खाली खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, साठतं. म्हणून खालची माती खोल, काळसर, चिकण. भात कापल्यावर तिला भेगा पडतात. ओढ्याकाठी आणखी वेगळी, पुराने आणून टाकलेली मऊ मळईची माती.

हा फरक प्रयोगशाळेआधी हाताला कळतो. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढायची. टेपावरची माती पट्टी धरतच नाही, बोटाला खडा टोचतो. खाचरातली लांब, गुळगुळीत पट्टी देते. खाचराच्या ढेकळात भाताच्या मुळांच्या वाटेने तांबूस रेघा दिसतात. साचलेल्या पाण्याने माती राखाडी पडते, पण मुळं आपल्याभोवती थोडा प्राणवायू सोडतात आणि तेवढ्याच जागी लोह गंजतं. असं ढेकूळ फोडून पाहिलं की त्या शेतात पाणी किती काळ उभं असतं ते मला विचारावं लागत नाही.

इथल्या कुणबी, ठाकर, महादेव कोळी शेतकऱ्यांनी ही उतरंड कधीच ओळखली आहे. वरकस, म्हणजे माथ्यावरच्या हलक्या जमिनीवर नाचणी, वरी, खुरासणी. वरच्या उथळ खाचरात लवकर तयार होणारं हळवं भात, कारण पाऊस ओसरला की तिथली ओल लगेच तुटते. सखल खाचरात उशिरा येणारं गरवं, आणि ते निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा. कोणत्या खाचरात कोणतं भात लावता एवढं एखाद्या आजींना विचारलं, की गावच्या मातीचा निम्मा नकाशा हाती येतो.

सरकारी मोजणीनेही एके काळी हे बारकावे टिपले होते. मुंबई इलाख्यातल्या 1847 च्या जॉइंट रिपोर्टने जमिनीची प्रत मातीची खोली आणि पोत पाहून आण्यांत लावायची पद्धत पक्की केली. पुढे मृदाशास्त्रानेही हीच उतरंड ओळखली: 1930 च्या दशकात जेफ्री मिल्न या संशोधकाने पूर्व आफ्रिकेच्या टेकड्यांवर माथ्यापासून दरीपर्यंतच्या मातींची साखळी मांडली आणि तिला कॅटिना म्हटलं. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना आली. तिच्यात मात्र बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना धरला. योजना मोलाची आहे, आणि सपाट मुलखात हा चौकोन चालेलही. पण मुरबाडच्या डोंगरउतारावर दहा हेक्टरांत, म्हणजे पंचवीस एकरांत, टेप, उतार, खाचर आणि ओढा सगळंच येतं. या सगळ्यांची माती एकत्र कालवली तर येणारा आकडा त्यातल्या एकाही शेताचा नसतो. त्या आकड्यावरून दिलेलं खत टेपावर वाहून जातं आणि खाचरात कदाचित नकोच असतं.

म्हणून माझी शेतकऱ्यांना आणि नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींना विनंती आहे. पीक निघाल्यावर, जमीन वाळल्यावर नमुना घ्या. रंग, उतार किंवा खोली बदलली की नमुना बदला. प्रत्येक तुकड्यात नागमोडी फिरत सात-आठ ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत, अशी चौथाई करत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची माती घेऊ नका. रोपांसाठी राब भाजलेल्या जागेची तर मुळीच नको, तिथे राखेचं पालाश आकडा फुगवतं. आणि पिशवीवर नाव, गट नंबर लिहाल तसा आणखी एक शब्द लिहा: टेप, उतार, खाचर की ओढाकाठ. त्या शब्दाशिवाय आलेला अहवाल अपुरा आहे.