संध्याकाळचा एक तास

मैत्रिणींनो, तुमच्या घरी संध्याकाळी टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो? आमच्याकडे त्याचं वेळापत्रकच ठरलेलं आहे. साडेसहापर्यंत मुलांची कार्टून, सातपासून सासूबाईंच्या मालिका, आणि क्रिकेटचा सामना असला की सगळे कायदे रद्द! त्या दिवशी ‘ह्यां’ची सत्ता. माझ्या वाट्याला येतो तो स्वयंपाकघरातून ऐकू येणारा टीव्ही. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये नायिका रडली की षटकार बसला, हे मी नुसत्या आवाजावरून सांगते. तुमच्यापैकी बऱ्याचजणींना ही कला साधलेली असणार!

मी साताऱ्यातल्या एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. मराठी आणि इतिहासाचे तास घ्यायचे आणि दुपारी घर गाठायचं. सासर सातारा, माहेर सांगली. दोन्ही गावं कृष्णेची. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाईवरून, माहुलीवरून पुढं जाते, कराडला कोयनेला भेटते आणि मग माझ्या माहेरी पोचते. मी आईला फोनवर म्हणते, “सासरचं पाणी तुझ्याकडं धाडलंय गं!” पावसाळ्यात मात्र ही थट्टा करीत नाही. २००५ आणि २०१९ चे पूर सांगलीकर अजून विसरलेले नाहीत.

दोन्ही गावांना नाटक-सिनेमाचं वेड भारी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून आम्ही सांगलीकर स्वतःला नाट्यपंढरीचे समजतो. सातारकरांचा तोरा सिनेमाचा. ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’ यांचं चित्रीकरण वाई-मेणवलीच्या परिसरात झालं. गंमत अशी, की पडद्यावर आमची वाई कधी बिहार होते, तर कधी उत्तर प्रदेश! सासूबाई असा सिनेमा बघायला बसल्या की गोष्टीकडं त्यांचं लक्षच नसतं. “अगं, हा तर आपला मेणवलीचा घाट!” एवढं एकदा म्हणून झालं की त्यांचे पैसे वसूल. पुढं २०१७ ते २०१९ मध्ये ‘लागिरं झालं जी’ ही मालिका चालली, तेव्हा सातारा साताराच म्हणून टीव्हीवर आला, आपलीच बोली बोलत. त्या दोन वर्षांत आमच्या आळीत त्या वेळेला कुणी कुणाकडं हळद-कुंकवालासुद्धा जात नसे.

पण इतिहास शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात येते. भाव्यांच्या त्या नाटकांत स्त्रियांची कामंसुद्धा पुरुषच करीत. सीतेचं दुःख पाहून बायका डोळे पुसत, पण सीता व्हायची मुभा त्यांना नव्हती. सांगलीच्या शेजारीच, मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर स्वतःची नाटक कंपनी काढून रंगभूमीवर उभ्या राहिल्या, तोवर ऐंशीहून अधिक वर्षं लोटली होती. मैदानाची कथा तरी काय वेगळी?

१९५२ हे साल बघा. त्या वर्षी फेब्रुवारीत भारतानं मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी सामना जिंकला. कर्णधार होते विजय हजारे, जन्मानं सांगलीचे. त्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. एकाच वर्षात एक सांगलीचा आणि एक साताऱ्याचा! आमच्या आजोबांच्या पिढीला या दोघांचं कोण कौतुक. पण त्या साली आमच्या आज्या कुठं होत्या? विहिरीवर, चुलीपुढं, जात्यावर. सासूबाई लहानपणी लंगडीत आणि फुगडीत कुणाला हार जात नसत म्हणे. “पंधराव्या वर्षी लग्न झालं. त्यानंतर पळाले ती फक्त एस.टी.च्या मागं,” असं त्या हसत सांगतात. मला मात्र ते ऐकून नेहमी हसू येतंच असं नाही.

आमच्या सांगलीच्या घरातसुद्धा बॅट भावाची होती. शेजारच्या परड्यात गेलेला चेंडू आणून देणं हे माझं काम. नववीत गेल्यावर तेही थांबलं. कुणी रागावलं नाही की बंदी घातली नाही. संध्याकाळी पाच वाजता आईनं हाक मारायला सुरुवात केली, एवढंच. भाजी निवड, कणीक भिजव, देवाजवळ दिवा लाव. मैदान असं एका झटक्यात जात नाही बायांनो, एकेका हाकेनं जातं.

आणि बघा, त्याच सांगलीत, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर माधवनगरला एक मुलगी भावाचा खेळ बघत बघत स्वतःच बॅट धरायला शिकत होती. स्मृती मानधना. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात गेली आणि २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, एकदिवसीय सामन्यात तिनं गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. तिच्या त्या फटक्यांविषयी पुष्कळ लिहून आलं आहे. माझं लक्ष मात्र एका साध्या गोष्टीकडं गेलं. तिचं खाणंपिणं, कपडे, बाकीची तयारी हे सगळं आईनं अंगावर घेतलं होतं. घरात त्या मुलीला पाच वाजता भाजी निवडायला हाक मारणारं कुणी नव्हतं!

साताऱ्याकडच्याही मुली बघा. माण तालुका म्हणजे दुष्काळाचा मुलूख. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ही शर्यत साधी नव्हे. अठ्ठावीस अडथळे आणि वर सात वेळा पाण्यावरून उडी. आपल्या संसारासारखीच की! पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरीत पोचली होती. आणि साताऱ्याची अदिती स्वामी! उसाच्या शेतातल्या मैदानावर तिरंदाजीचा सराव करणाऱ्या या शिक्षकाच्या मुलीनं ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. वय वर्षं सतरा. अंतिम फेरीत दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण. आम्ही परीक्षेत इतके देत नाही हो! सांगलीत सरगर कुटुंबाचं पानाचं दुकान आहे. त्यांचा मुलगा संकेत यानं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलण्यात रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं ते फक्त एका किलोनं. पण त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण काजोल हिनं खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्याच खेळात सुवर्णपदक आणलं. एका घरात दोघांनाही मैदान मिळालं, हे मला त्या पदकांइतकंच मोलाचं वाटतं.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुम्हाला आठवत असेलच. तुळशीच्या लग्नाचे दिवस. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसानं दोन तास उशीर, त्यामुळं मध्यरात्र उलटायला आली तरी सामना चाललेलाच. त्या दिवशी आमच्याकडं प्रथमच असं झालं की सामना बायकांनी लावला आणि ‘हे’ मधूनमधून चहाचं बघत होते! सासूबाईंनी मालिकेचं नावसुद्धा काढलं नाही. स्मृती पंचेचाळिसावर बाद झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “माहेरची आहे तुझ्या, अजून थोडं थांबायचं होतं की तिनं!” दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला, आपण बावन्न धावांनी जिंकलो आणि समोरच्या घरातल्या काकू गॅलरीत येऊन थाळी वाजवू लागल्या. आळीतल्या बायका त्या रात्री किती वेळ जाग्या होत्या कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मुलींचे डोळे जागरणानं लाल झालेले, पण चेहरे कसे फुललेले. वर्गात एक मुलगी आहे, पळण्यात वाऱ्यासारखी. मी तिला म्हटलं, “काय गं, तू आता जोरात सराव करणार ना?” तिनं मान खाली घातली. शेजारची म्हणाली, “बाई, तिचं मैदान बंद झालंय.”

रविवारी मी तिच्या घरी गेले. आई घरकामं करणारी, वडील कामासाठी बाहेरगावी. तिनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, “बाई, पोर पळती चांगली, मला काय कळत न्हाई व्हय? पर मी कामावनं सातला येती. भाकरी कुनी थापायची? धाकट्याकडं कुनी बघायचं? आन् आता ती मोठी झाली. अंधाराचं एकटी येनार, म्हंजी माझा जीव टांगनीला.”

सांगा, यात तिचं काय चुकलं? आपण टीव्हीपुढं टाळ्या वाजवतो, मग अशा आईला अडाणी म्हणून मोकळ्या होतो. पण तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कुणीतरी द्यायला हवीत की नाही? भाषणानं भाकरी होत नाही. आम्ही दोघी तासभर हिशेब करीत बसलो. खेळाच्या सरांशी बोलून सराव पाच ते सहा ठरवला, म्हणजे उजेडात घरी. त्याच वस्तीतल्या आणखी दोन मुली जोडीला घेतल्या. येता-जाता तिघी बरोबर. धाकटा अकरा वर्षांचा आहे. त्याला कुकर लावायला शिकवायचं ठरलं. त्यानं आधी तोंड वाकडं केलं, पण वरण-भाताच्या कुकरला मुलगाच चालत नाही असं कुठं लिहिलंय? भाकरी आई आल्यावर थापणार. एवढं करून तिनं आठवड्यातले तीनच दिवस दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी तीन दिवसांवर समाधान मानलं. तिच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं आणि तिनं ते दिलं.

आमच्या घरातही फेरबदल झाला. मुलगा दप्तर टाकून सायकलवर मैदानाकडं पळायचा आणि पाचवीतल्या मुलीला “ताटं-पाणी घे” असा हुकूम सुटायचा. हा हुकूम सासूबाईंनीच रद्द केला. आता त्या नातीबरोबर मैदानावर जातात आणि कडेला बसून शेंगा सोलतात. “मालिका काय, उद्या दुपारी परत लागते,” म्हणतात. ताटं-पाणी आता आळीपाळीनं होतं आणि त्यात ‘ह्यां’चाही वार लावला आहे.

तुम्हाला हे करून बघायचं असेल, तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगते. मुलीला एकटीला पाठवू नका, जोडीनं पाठवा. तिच्याबरोबर तुमचीही काळजी कमी होते. खेळाच्या सरांना किंवा बाईंना एकदा स्वतः भेटा, वेळ नक्की करून घ्या. बूट भावाचे जुने देऊ नका, मापाचे घ्या. दुसरा खर्च नाही झाला तरी चालेल. शाळेतून आल्यावर एखादं केळं, नाहीतर मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा. आल्यावर पोटभर जेवण, आणि ते भावाच्या बरोबरीनं वाढा. अडचणीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. “आता दहावी आली” म्हणून कुणी घाबरवलं, तर शाळेत चौकशी करा. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलामुलींना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात.

माझी ती विद्यार्थिनी काही तालुक्यात पहिली आलेली नाही. चौथी आली. तिच्या आईनं विचारलं, “चौथीला काय देत्यात?” मी म्हटलं, “काही देत नाहीत.” ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “असू दे. हल्ली जेवती चांगली, झोपती चांगली.” पुढच्या वर्षी नववी. तेव्हा ते तीन दिवस राहतात की जातात, हे माझ्या हातात नाही. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या रविवारी मी पुन्हा तिच्या घरी जाणार आहे, एवढं नक्की.

तुमच्या घरी संध्याकाळी पाच वाजता कुणाला हाक जाते, तेवढं आज बघा. आणि ती हाक तासभर पुढं ढकलता आली, तर मला जरूर कळवा हं!