कै बिडब्याड

गेल्या दिवाळीत अव्वाला घेऊन सुरतेला, उधन्यातल्या ताईकडे गेलो होतो. अप्पांचे वर्षश्राद्ध जवळ आले होते. त्यांचा फोटो नक्षीदार चौकटीत बसवायचे काम भाच्याने अंगावर घेतले.

नक्षीसाठी त्याने ताईच्या सादेलीच्या पेटीचे झाकण स्कॅन केले. सादेली ही सुरतेची जुनी कला. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाच्या बारीक कांड्या चिकटवून जुडी करायची आणि ती आडवी कापायची. प्रत्येक चकतीत तीच नक्षी उमटते. फोटोशॉपमधला 'पॅटर्न' तरी वेगळे काय करतो? एक तुकडा निवडला की तोच सगळीकडे भरत जातो.

अडचण फोटोचीच होती. अप्पांचा एकट्याचा फोटो नाही. खुर्चीत अप्पा, शेजारी उभी अव्वा, तिचा हात त्यांच्या खांद्यावर. भाच्याने अव्वाला कापले. खांद्यावर बोटे तेवढी उरली. तो ती पुसायला निघाला, तशी मागे बसलेली अव्वा म्हणाली, "कै बिडब्याड."

भाच्याला कन्नड येत नाही. "हात सोडू नको म्हणते," मी सांगितले. आपल्या वाचकांना तेवढेही सांगायला नको.

त्याने मूळ फोटो पुन्हा उघडला. कॅन्व्हास चारी बाजूंनी २ इंच वाढवला आणि त्या रिकाम्या पट्टीत, वेगळ्या लेयरवर नक्षी भरली. फोटोचा दोराएवढा भागही झाकला नाही.

"याला हार कसा घालणार?" ताई म्हणाली. खरेच आहे. बेळगावच्या आमच्या घरात तो हाराविनाच लावला आहे.